घराण्याचे सामायिक दप्तर

कुटुंबाचा इतिहास म्हटला की मराठी घरांत बहुधा वंशावळ पुढे केली जाते: वर मूळ पुरुष, त्याच्याखाली त्याचे मुलगे, त्यांच्याखाली नातू, आणि तळाशी, कागद संपत आला म्हणून दाटीवाटीने लिहिलेली, हयात पिढी. वंशावळ उपयुक्त असते. परंतु एखादे नाव त्या जागी कोणत्या आधारावर लिहिले, ते कोणी व केव्हा लिहिले, आणि ज्यांची नावे तिथे नाहीत ती का नाहीत, या प्रश्नांची उत्तरे तिच्यात सापडत नाहीत. ही उत्तरे ज्या साधनांत असतात ती साधने, म्हणजे वाटणीपत्रे, पत्रे, जमाखर्चाच्या वह्या, लग्नपत्रिका, छायाचित्रे, दाखले आणि वृद्धांच्या आठवणी, घराण्याच्या अनेक शाखांत विखुरलेली असतात. गावी राहिलेल्या थोरल्या पातीकडे जमिनीचे कागद असतात, पुण्यामुंबईस गेलेल्या धाकट्या पातीकडे पत्रे असतात, आणि लग्न होऊन परगावी गेलेल्या आत्यांच्या ट्रंकेत अनेकदा सर्वांत जुनी छायाचित्रे निघतात. या सर्वांची एक सूची करून, त्यांच्या प्रती काढून आणि त्यांचे वाचन सर्व नातेवाइकांस सारखे खुले करून जो संग्रह उभा राहतो, त्यास या प्रकरणात घराण्याचे सामायिक दप्तर म्हटले आहे. मूळ कागद ज्याच्या घरी आहे त्याच्याच घरी राहतो, सामायिक होते ती प्रत आणि माहिती, ही या रचनेतील मोठी सोय आहे. कारण भाऊबंदकीत कागद हा पुरावा असतो आणि तो हातचा सोडायला कोणीही सहजासहजी तयार होत नाही.

महाराष्ट्राचा जो इतिहास आज शाळेत शिकवला जातो, त्याचा फार मोठा भाग अशा घरगुती कागदांवर उभा आहे. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुन्या घराण्यांची दप्तरे धुंडाळली, १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. त्यांच्या निधनानंतर धुळ्यास त्यांच्याच नावाने संशोधन मंडळ निघाले. त्यांच्या पिढीतील संशोधकांना माळ्यावर, कोठारात आणि देवघराच्या फडताळात जे सापडले ते कोणी इतिहासासाठी जपलेले नव्हते. वतनाचा हक्क शाबीत करण्यासाठी, कर्जाचा हिशेब राहावा म्हणून, किंवा वाडवडिलांचे म्हणून टाकवत नाही या भावनेने ते रुमालात, म्हणजे कागद गुंडाळण्याच्या चौकोनी कापडात, बांधून ठेवलेले होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे जेधे शकावली. शकावली म्हणजे शकवार, सनवार टिपलेल्या घटनांची यादी. भोर परिसरातील कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यात शके १५४० ते १६१९ या काळातील घटनांची अशी एक यादी जतन झाली होती, आणि लोकमान्य टिळकांच्या हाती ती आल्यावर ती अभ्यासकांपुढे आली. तोपर्यंत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ मध्ये झाला असे बखरींच्या आधारे मानले जाई. शकावलीत मात्र तो शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया असा नोंदलेला होता, आणि महाराष्ट्र शासन आज ज्या १९ फेब्रुवारी १६३० या तारखेस शिवजयंती साजरी करते तिचा एक प्रमुख आधार हीच नोंद आहे. एका देशमुख घराण्याने आपल्या घरात सांभाळलेल्या काही पानांनी हे घडवले. प्रत्येक घरात असे काही निघेल असे नाही, पण कोणत्या कागदाला पुढे कोणते मोल येईल हे तो कागद सांभाळणाऱ्याला त्या वेळी कळत नसते, एवढे यावरून निश्चित दिसते.

विसाव्या शतकात कुलवृत्तांताची परंपरा वाढली. कुलवृत्तांत म्हणजे एका आडनावाच्या सर्व ज्ञात घराण्यांची गावे, गोत्र, वंशावळी आणि व्यक्तींची त्रोटक चरित्रे एकत्र छापलेला ग्रंथ. कोकणस्थ ब्राह्मणांच्या अनेक आडनावांचे असे ग्रंथ निघाले आणि इतर समाजांतही तसे प्रयत्न झाले. त्यामागची चिकाटी थोर होती: शेकडो पत्रे पाठवायची, उत्तरे येईपर्यंत थांबायचे, आणि न येणाऱ्या उत्तरांसाठी प्रवास करायचा. तरीही छापील कुलवृत्तांताच्या दोन मर्यादा ठळक आहेत. ग्रंथ छापला की माहिती तिथेच थांबते, आणि नोंदीसोबत तिचा आधार क्वचितच दिलेला असतो, त्यामुळे चूक झाली असेल तर ती पुढच्या आवृत्तीत तशीच उतरते. सामायिक दप्तराचा एकच नियम सांगायचा झाला तर तो हाच, की प्रत्येक विधानाशेजारी त्याचा आधार लिहिलेला असावा. तो आधार कागदाचा असो, थडग्यावरील लेखाचा असो, की अमुक मावशींनी अमुक साली सांगितले एवढाच असो.

साधने कोठे सापडतात

शोध घरातून सुरू होतो आणि घरात केवळ कागद नसतात. तांब्यापितळेच्या भांड्यांवर नावे कोरून घेण्याची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी होती, आणि घागरीच्या काठावर किंवा परातीच्या कडेला ठिपक्याठिपक्यांनी उमटवलेल्या ओळीत देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख एवढे सगळे मिळू शकते. लग्नातील आहेराची वही हे याहून समृद्ध साधन आहे. आहेर परत करायचा असतो म्हणून ही वही काळजीपूर्वक लिहिली जाई. कोणी किती रुपये दिले, कोणी खण दिला, कोणी भांडे दिले, हे गावासह नोंदवले जाई, आणि त्यामुळे एका दिवशी त्या घराशी कोणाचे किती जवळचे नाते होते याचा नकाशाच तिच्यात उतरतो. वंशावळीत न सापडणारी चुलत आत्या आहेराच्या वहीत तिच्या सासरच्या गावासह भेटते. अशा वह्या रद्दीत जातात, आणि त्यात फार मोठे नुकसान होते.

घराबाहेरच्या साधनांत महसुली कागद पहिले. सातबारा उताऱ्यावर जमिनीचा आजचा मालक दिसतो, परंतु तो मालक कसा झाला हे फेरफार नोंदीत असते. मृत्यू, वाटणी, खरेदी किंवा दत्तकविधान यांमुळे झालेला प्रत्येक बदल तिथे क्रमांकासह लिहिला जातो. वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते. गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंद गाव नमुना १४ मध्ये असे, ज्यास बोलीत कोतवाल बुक म्हणतात. जन्ममृत्यूची नोंदणी देशभर एकाच कायद्याखाली आली ती १९६९ च्या कायद्यानंतर, म्हणून त्याआधीच्या पिढ्यांसाठी ही ग्रामपातळीवरची बुके महत्त्वाची ठरतात. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर ही बुके, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे आणि मोडीतले जुने उतारे यांच्याकडे हजारो कुटुंबे प्रथमच वळली. त्या निमित्ताने मिळालेला उतारा दाखल्यापुरता वापरून फाइलीत बंद न करता घराण्याच्या सूचीत नोंदवला, तर त्याच श्रमांत दोन कामे होतात.

जमीन नसलेल्या आणि वतन नसलेल्या कुटुंबांकडे कागद कमी असतात, आणि त्यावरून त्यांना इतिहासच नाही असा समज करून घेतला जातो. तो समज खोटा आहे. शाळेचे रजिस्टर, पलटणीतील नोकरीची व पेन्शनीची कागदपत्रे, गिरणीचा किंवा रेल्वेचा पास, चाळीच्या भाड्याच्या पावत्या, गावी पाठवलेल्या मनीऑर्डरीची कुपने, ही सारी पक्की साधने आहेत. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शासकीय शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव १९१४ या क्रमांकावर दाखल झाले. शाळेने ते रजिस्टर जपले म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणारंभाचा पुरावा आज प्रत्यक्ष दाखवता येतो, आणि २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. सामान्य कुटुंबातील आजोबांचे नावही अशाच एखाद्या रजिस्टरात असण्याची शक्यता मोठी आहे, आणि शाळा शंभर वर्षांची असेल तर मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज करून पाहणे हे पहिले पाऊल ठरावे.

वंशनोंदी ठेवणे हाच ज्यांचा परंपरागत व्यवसाय आहे असेही लोक आहेत. त्र्यंबकेश्वर आणि नाशिक येथील तीर्थपुरोहितांकडे गावागावांच्या व आडनावांच्या वह्या असतात, ज्यांत यात्रेस आलेल्या माणसाने आपले नाव, बापाजोबांची नावे आणि सोबत आलेल्यांची नावे अनेकदा स्वतःच्या हाताने लिहिलेली असतात. काशी, प्रयाग, गया आणि हरिद्वार येथेही ही पद्धत आहे. दक्षिण महाराष्ट्रात व कर्नाटकात हेळवी समाजाचे लोक घरोघर फिरून त्या त्या घराण्याची वंशावळ सांगत व नवी नावे नोंदवत आले आहेत. या नोंदी मौल्यवान आहेत, मात्र जुन्या पिढ्यांकडे जावे तसे त्यांत कीर्ती वाढवण्याची प्रवृत्ती दिसते, म्हणून हयात स्मृतीच्या पलीकडचा भाग दुसऱ्या पुराव्याशी ताडून घ्यावा लागतो.

गोव्यात चित्र निराळे आहे. तेथील चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या आणि कम्युनिदाद या ग्रामसंस्थांतील गावकरांची नोंद यांमुळे अनेक कुटुंबांचा माग दीर्घ काळ मागे नेता येतो, आणि पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा तर १५९५ पर्यंत जाते. मॉरिशसमधील मराठी भाषकांसाठी दुवा आहे तो मोका येथील महात्मा गांधी संस्थेत: एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून तिकडे गेलेल्यांच्या नोंदींत क्रमांक, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा आणि गाव असे रकाने आहेत, आणि कित्येकांची छायाचित्रेही आहेत. रत्नागिरी-साताऱ्याकडच्या एखाद्या घरात ‘तो बोटीवर गेला, पुढे कळले नाही’ एवढेच सांगितले जात असेल, तर त्या माणसाची पुढची हकीकत समुद्रापलीकडे लिहिलेली असू शकते.

स्त्रियांची बाजू

मराठी वंशावळींतील सर्वांत मोठी उणीव स्त्रियांची आहे, आणि सामायिक दप्तर उभारताना ती जाणीवपूर्वक भरून काढावी लागते. जुन्या वंशावळीत स्त्रिया नसतातच. कुलवृत्तांतात सून असते, मुलगीही असते, पण मुलीची मुले बहुतेक ठिकाणी नसतात. त्यातच लग्नात मुलीचे पाळण्यातले नाव बदलण्याची रीत असल्यामुळे एकच स्त्री माहेरच्या कागदांत एका नावाने आणि सासरच्या कागदांत दुसऱ्याच नावाने वावरते, आणि दोन्ही घराण्यांचे कागद एकत्र आल्याखेरीज ती एकच व्यक्ती आहे हे उमगत नाही. म्हणून दप्तरातील नोंदपत्रकात प्रत्येक स्त्रीसाठी जन्मनाव, लग्नानंतरचे नाव, माहेरचे आडनाव आणि माहेरचे गाव असे चार रकाने असावेत, आणि माहिती नसेल तर रकाना रिकामा ठेवावा. तो काढून टाकू नये, कारण रिकामा रकाना पाहूनच पुढचा नातेवाईक माहिती आणून देतो.

स्त्रियांची नावे कोठे मिळतात याचा शोध घेताना एक विषादाची गोष्ट समोर येते. जमिनीतील हिस्सा भावांच्या नावे सोडून देण्यासाठी बहिणींकडून करून घेतलेले हक्कसोडपत्र हा असा दस्त आहे, की ज्यात सर्व बहिणींची सासरची पूर्ण नावे, वये आणि राहण्याची गावे एका ठिकाणी येतात. ज्या कागदाने तिचा मालमत्तेतील हक्क संपवला त्याच कागदाने तिचे नाव राखले, असे अनेक घराण्यांत दिसते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, त्यामुळे अलीकडच्या वारस नोंदींत मुलींची नावे नियमाने सापडतात. त्याआधीच्या काळासाठी हक्कसोडपत्रे, आहेराच्या वह्या, पत्रांचे मायने आणि श्राद्धतर्पणात उच्चारली जाणारी नावे यांवर भिस्त ठेवावी लागते. तर्पणात आई, आजी, पणजी आणि आईकडचे आजोबा-पणजोबा यांचा नामोच्चार असतो, ही धार्मिक स्मृती वंशावळीपेक्षा या बाबतीत अधिक न्यायी आहे.

स्त्रियांचे स्वतःचे शब्द मात्र कागदावर कमी आणि कंठात अधिक राहिले. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात ग्रामीण महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या, आणि त्यांत भाऊ, माहेर, सासूसासरे, गावे यांचे उल्लेख विपुल आहेत. घरातील वृद्ध स्त्रियांना जी गाणी, उखाणे आणि पाककृती आठवतात त्या ध्वनिमुद्रित करून ठेवणे हे फावल्या वेळचे मनोरंजन नव्हे, दप्तराचा तो एक पूर्ण विभाग आहे.

आठवणी घेताना वर्ष विचारून फारसे हाती लागत नाही. अमुक घटना कोयनेच्या भूकंपाआधीची की नंतरची, पानशेतचे धरण फुटले तेव्हा थोरला मुलगा शाळेत जात होता का, बहात्तरच्या दुष्काळात बैल विकले का, अशा खुणांभोवती प्रश्न विचारले की १९६७, १९६१, १९७२ ही वर्षे आपोआप निश्चित होतात. आणखी मागच्या पिढीसाठी प्लेग, १९१८ ची मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आणि गांधीहत्येनंतरची १९४८ मधील जाळपोळ या खुणा उपयोगी पडतात. दोन वृद्धांनी एकच हकीकत वेगवेगळी सांगितली तर दोन्ही सांगणाऱ्यांच्या नावांसह ठेवावी. त्यातली एक खोडण्याचा अधिकार संपादकाने घेऊ नये.

वाचन आणि कालनिर्णय

जुने कागद हाती आले की मोडीचा अडसर येतो. मोडी ही मराठी लिहिण्याची जलद लिपी. आधी पानभर शिरोरेषा ओढून तिच्याखाली बोरूने, म्हणजे तासलेल्या वेताच्या लेखणीने, अक्षरे सलग लिहिली जात, शब्दांत अंतर सोडले जात नसे आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांत ती शिकवली जाई, त्यामुळे पणजोबांच्या सहीपर्यंत तिचा वावर आहे. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे तिचे प्रशिक्षणवर्ग चालतात, आणि घराण्यातील एकाने जरी ती शिकून घेतली तरी सर्व शाखांचे काम होते. लिप्यंतर करताना, म्हणजे मजकूर देवनागरीत उतरवताना, न लागलेल्या शब्दाच्या जागी तर्क न लिहिता टिंबे द्यावीत आणि तर्क असल्यास तो चौकटी कंसात वेगळा द्यावा.

तारखांचे गणित थोडे सवयीचे आहे. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने माघ-फाल्गुनातील तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात आणि पौषात पंचांग पाहूनच ठरवावे लागते. वर उल्लेखिलेल्या शके १५५१ च्या फाल्गुनाचे १६३० साल होते ते त्यामुळेच. शकाबरोबर संवत्सराचे नाव दिलेले असेल तर ती अंतर्गत तपासणीची उत्तम सोय असते, कारण साठ संवत्सरांचे चक्र ठरलेले आहे: शके १५५१ चे संवत्सर शुक्ल, शके १८२० चे विलंबी. वाचलेला शक आणि संवत्सर जुळत नसतील तर आकडा चुकीचा वाचला गेला असण्याची शंका घ्यावी. पेशवाईतील कागदांवर शुहूर सन असतो व तो अरबी संख्यावाचकांत लिहिलेला असतो. ‘खमस खमसैन मया व अलफ’ म्हणजे पाच, पन्नास, शंभर आणि हजार, एकूण ११५५, आणि त्यात ५९९ मिळवून १७५४-५५ हे वर्ष मिळते. मराठवाड्यातील निजामकालीन कागदांत फसली सन येतो, त्यात ५९० मिळवावेत. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. मूळ तारीख जशी असेल तशी लिहून परिवर्तित तारीख तिच्याशेजारी द्यावी, कारण परिवर्तनात चूक होऊ शकते आणि मूळ शब्द राहिले तर ती दुरुस्त करता येते.

आडनावांवरून निष्कर्ष काढण्याची घाई हीदेखील नेहमीची फसगत आहे. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही हुद्द्यांवरून पडलेली आडनावे असल्यामुळे दोन कुलकर्णी एका वंशाचे असतीलच असे नाही. उलट एकाच वंशाच्या दोन शाखा गाव बदलल्यामुळे वेगवेगळ्या ‘कर’ आडनावांनी ओळखल्या जाऊ शकतात. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या रीतीने विठ्ठल रामचंद्र आणि रामचंद्र विठ्ठल आलटूनपालटून येत राहतात आणि दोन पिढ्या एक होऊन जातात. म्हणून दप्तरातील प्रत्येक व्यक्तीला एक कायमचा अनुक्रमांक द्यावा, आणि त्या क्रमांकात तिचे वंशावळीतील स्थान गुंफू नये, कारण उद्या एखादा अज्ञात भाऊ सापडला की स्थानावर आधारलेले सगळे क्रमांक कोलमडतात.

मूळ पुरुषाला एखाद्या पराक्रमी सरदाराशी किंवा ऋषीशी जोडून टाकण्याचा मोह जुना आहे. पुरावा जिथे संपतो तिथे वंशावळ थांबवणे हे घराण्याच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारे नाही.

प्रती, सूची आणि ताबा

कागदाच्या आयुष्याबद्दल एक गोष्ट अनेकांना अनपेक्षित वाटते. जुन्नर किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात बनलेला हातकागद आणि काजळीची शाई यांमुळे अठराव्या शतकातील पत्र आजही घट्ट व काळेभोर असते, तर लाकडाच्या लगद्यापासून गिरणीत बनलेल्या कागदात आम्ल असल्याने १९४० चे पत्र घडीवर तुटू लागते. म्हणून प्रती काढताना नव्या कागदांना मागे ठेवू नये. चिकटपट्टी, लॅमिनेशन, गंजणाऱ्या टाचण्या आणि चिकट पानांचे अल्बम हे चारही कागदाचे व छायाचित्रांचे शत्रू आहेत. छायाचित्रामागे नावे लिहायची तर बॉलपेनने न लिहिता मऊ पेन्सिलीने लिहावीत.

स्कॅन करताना कागदासाठी ३०० आणि छायाचित्रासाठी ६०० डीपीआय ही घनता पुरेशी ठरते. पाठकोरा दिसला तरी कागदाची मागची बाजूही घ्यावी, कारण टपालाचा शिक्का, पत्ता किंवा हिशेबाची आकडेमोड तिथेच असते. फाइलीच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख आधी घातली की फाइली आपोआप कालानुक्रमे लागतात. व्हॉट्सअॅपवर पाठवलेले छायाचित्र आकसते आणि त्याची मूळ तारीख गळून जाते, म्हणून ते छायाचित्र म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. जुन्या संगणकांवर श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत टंकलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर निरर्थक चिन्हांत बदलतो. त्यामुळे अनेक कुलवृत्तांतांच्या मूळ फाइली आज वाचता येत नाहीत, आणि असा मजकूर कोणाकडे असेल तर तो लवकर यूनिकोडमध्ये बदलून घ्यावा. वंशावळीच्या संगणकीय नोंदींसाठी गेडकॉम हा मजकुराचा सर्वमान्य साचा १९८४ पासून आहे. कोणत्याही प्रणालीत माहिती भरली तरी ती या साच्यात बाहेर काढता येते का, हे आधी तपासावे. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी, हा डिजिटल जतनातील रूढ संकेत घराण्यालाही लागू आहे. दुसऱ्या गावी राहणारा चुलतभाऊ यासाठी उत्तम.

ताब्याचा प्रश्न सुरुवातीलाच लेखी ठरवावा. सूचीत प्रत्येक कागदासमोर तो कोणाच्या घरी आहे ते लिहिले आणि त्याची पोच त्या घराला दिली, की बराचसा संशय विरतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा व नंतर त्याच्या वारसांचा असतो, म्हणून पत्रे छापायची झाल्यास त्यांची संमती घ्यावी. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा, आधार क्रमांक, आजार, दत्तक, घटस्फोट यांच्या नोंदी सामायिक भागात ठेवू नयेत. घराण्यातील अप्रिय गोष्टी जाळून टाकण्याऐवजी त्या बंद पाकिटात, कोणत्या वर्षानंतर उघडाव्यात हे वर लिहून ठेवणे अधिक योग्य होय, कारण आज लाजिरवाणी वाटणारी गोष्ट पुढच्या पिढीला एखाद्याच्या सोसण्याचा उलगडा करून देऊ शकते.

एखाद्या घराण्यात हे सारे पुढे सांभाळणारे कोणी उरणार नाही असे दिसत असेल, तर पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ किंवा जवळच्या विद्यापीठाचा इतिहास विभाग यांच्याकडे वेळेत विचारणा करावी, आणि कागद देताना सूची, लिप्यंतरे व वंशावळ सोबत द्यावी. ज्यांना हे काम आज सुरू करायचे आहे त्यांनी कागदांच्या आधी माणसांकडे जावे: घराण्यातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीला जुना अल्बम दाखवून प्रत्येक छायाचित्रातील माणसांची नावे, स्त्रियांच्या माहेरच्या नावांसह, याच महिन्यात ध्वनिमुद्रित करून घ्यावीत, आणि त्या मुद्रणाची एक प्रत आत्याच्या घरीही पाठवावी.